बंदुकीचे मूळ खोके ठेवावे की टाकावे?

नवी बंदूक घरी आली की तिची जागा ठरते, काडतुसांची वेगळी सोय होते, परवान्यावर नोंद होते. उरलेल्या रिकाम्या खोक्याचे काय करायचे, हे मात्र कोणी सांगितलेले नसते. बहुतेक जण ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणत ते माळ्यावर सरकवतात, काही जण आठवड्याच्या आत कचऱ्यात टाकतात, आणि काही जण बंदूक त्यात अगदी नेमकी बसते म्हणून तिला कायमची त्यातच ठेवतात. या तिघांपैकी शेवटच्याचे नुकसान सर्वांत मोठे होते, आणि ते त्याला बऱ्याच उशिरा कळते.

या लेखातले सगळे निर्णय एकाच समजुतीवर उभे आहेत. मूळ खोके म्हणजे बंदुकीच्या कागदपत्रांपैकी एक कागद आहे. बंदूक राहण्याची जागा म्हणून त्याचा विचार करू नये. ते कारखान्यापासून गिऱ्हाइकापर्यंतच्या काही आठवड्यांच्या प्रवासासाठी बनवलेले असते, पुढच्या तीस वर्षांसाठी नव्हे. ते ठेवायचे की नाही हा प्रश्न त्यामुळे ‘या कागदाची मला किंवा माझ्यानंतर कोणाला गरज पडेल का’ असा होतो, आणि तसा विचारला की उत्तर बरेच सोपे जाते.

पहिली पायरी: खोके पूर्ण रिकामे करून पाहा

खोक्याला हात लावण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी. मॅगझिन काढावे, चेंबर (नळीमागची काडतूस बसण्याची जागा) उघडून आधी डोळ्यांनी आणि मग बोटाने तपासावे, रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडरची सगळी घरे पाहावीत. बंदूक नवी असली आणि खोके दुकानात आपल्यासमोर बंद केलेले असले, तरी हा क्रम सोडू नये.

त्यानंतर फोम उचलावा. आतल्या बारीकसारीक वस्तू बहुतेक वेळा फोमच्या खाली किंवा पुठ्ठ्याच्या दुमडलेल्या कप्प्यात असतात: जादा मॅगझिन, मुठीच्या मागे बसवायच्या वेगवेगळ्या आकारांच्या पट्ट्या, दृष्टिबिंदू जुळवण्याची षट्कोनी किल्ली, तारेचे कुलूप, शॉटगनचे चोक (छर्ऱ्यांचा फैलाव कमी-जास्त करण्यासाठी नळीच्या तोंडाशी बसवायचे नळकांडे) आणि ते फिरवण्याची किल्ली. मी स्वतः एकदा शॉटगनचे लांबलचक खोके मोडून टाकले होते. दोन वर्षांनी चोक बदलायची वेळ आली तेव्हा आठवले की ती किल्ली खोक्याच्या टोकाला, पुठ्ठ्याच्या घडीत खोचलेली होती. नवी किल्ली मिळाली, पण त्या मापाची शोधायला तीन महिने गेले.

पिस्तुलाच्या खोक्यात कधीकधी एक छोटे खाकी पाकीट असते आणि त्यात एकदोन झाडलेल्या पुंगळ्या असतात. बंदूक आधी कोणी वापरली होती की काय, अशी शंका अनेकांना ती पाहून येते. कारण वेगळेच आहे. अमेरिकेतील मेरीलँड आणि न्यूयॉर्क या राज्यांनी २००० सालच्या कायद्यांनी नव्या पिस्तुलासोबत त्यातून झाडलेली पुंगळी नोंदीसाठी देणे बंधनकारक केले होते. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या पुंगळीवरून पिस्तूल ओळखता यावे, ही त्यामागची कल्पना. न्यूयॉर्कने हा उपक्रम २०१२ मध्ये आणि मेरीलँडने २०१५ मध्ये गुंडाळला. पण पाकीट घालण्याची सवय काही कारखान्यांत टिकली, आणि इतर ठिकाणी जाणाऱ्या खोक्यांतही ते सापडते. त्यावर बहुधा अनुक्रमांक आणि चाचणीची तारीख असते, म्हणून ते फेकू नये. तो त्या पिस्तुलाचा जन्मदाखला समजावा.

दुसरी पायरी: नोंद करून घ्या

खोक्याच्या अरुंद बाजूला चिकटवलेले लेबल ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. त्यावर मॉडेल, कॅलिबर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप), नळीची लांबी, बारकोड आणि अनुक्रमांक छापलेला असतो. पहिले काम म्हणजे हा अनुक्रमांक बंदुकीवर कोरलेल्या अनुक्रमांकाशी एकेक अंक लावून पाहणे. विक्रीची कागदपत्रे घाईत लेबल बघून भरली जातात, आणि दोन खोकी एकमेकांत बदलली गेली असतील तर कागदावर एक बंदूक आणि हातात दुसरी, अशी विचित्र अवस्था होते. चूक त्याच दिवशी दाखवली तर एका दुरुस्तीत मिटते. चार वर्षांनी दाखवली तर आधी आपल्यालाच उत्तरे द्यावी लागतात.

मग छायाचित्रे घ्यावीत: बंदुकीची दोन्ही अंगे, कोरलेला अनुक्रमांक जवळून, खोक्याचे लेबल, पावती, आणि टेबलावर पसरून ठेवलेले सगळे सुटे भाग एकत्र. या छायाचित्रांची एक प्रत घराबाहेर कुठेतरी असावी. चोरी झाली तर पोलीस आणि विमा कंपनी दोघेही पहिल्यांदा अनुक्रमांक विचारतात, आणि तो लिहिलेला एकमेव कागद बंदुकीबरोबर तिजोरीत असेल तर तोही गेलेलाच असतो. ही दोन कामे झाली की खोक्याची निम्मी उपयुक्तता आपण त्यातून काढून घेतली आहे, आणि ते टाकायचे ठरले तरी आता फारसे बिघडत नाही.

तिसरी पायरी: बंदूक खोक्यातून बाहेर काढा

या पायरीवर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण चांगल्या बंदुका इथेच खराब होतात.

एका मित्राने त्याची निळ्या ओपाची जुनी रिव्हॉल्व्हर फोमच्या पेटीत ठेवली होती. अंड्यांच्या ट्रेसारखे उंचवटे असलेला तो फोम होता. तेल लावून, पुसून, पेटी बंद करून त्याने ती कपाटात ठेवली आणि एक अख्खा पावसाळा उघडली नाही. आम्ही ती उघडली तेव्हा वरून सगळे ठीक दिसले. रिव्हॉल्व्हर उलटी केली तर नळीच्या आणि सिलिंडरच्या त्या अंगावर तपकिरी ठिपक्यांची रांग होती, आणि दोन ठिपक्यांमधले अंतर फोमच्या दोन उंचवट्यांमधल्या अंतराएवढेच होते. जिथे जिथे फोम टेकला, तिथे तिथे तांबेरा चढला होता. बारीक स्टीलवूल आणि तेलाने तो निघाला, पण त्याखालचा निळा ओप परत आला नाही.

यात गूढ काही नाही. साधा पॉलियुरेथेन फोम म्हणजे बारीक छिद्रांचा स्पंज. तो हवेतली ओल शोषतो, लावलेले तेलही शोषतो, आणि ती ओल उघड्या पडलेल्या धातूला चिकटवून धरतो. शिवाय हा फोम स्वतःही टिकत नाही. त्याचा एक प्रकार ओलीने आणि दुसरा प्रकाश व प्राणवायूने विघटित होतो, आणि वीस-तीस वर्षांत तो चिकट गोळा तरी होतो किंवा पिवळा भुगा तरी. हा भुगा घोड्याच्या फटीत किंवा चापाच्या यंत्रणेत गेला की सगळी बंदूक उघडून साफ करावी लागते.

पुठ्ठ्याच्या खोक्याचा दोष वेगळा आहे. स्वस्त पुठ्ठ्यात लाकडातले लिग्निन शिल्लक असते. ते कालांतराने आम्लता निर्माण करते, आणि पुठ्ठा पावसाळ्यात ओल धरतो ती वेगळीच. चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवण्याचे तोटे तर जुनेच आहेत: चामडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार पोलादाला गंज आणतात आणि पितळेवर हिरवट थर चढवतात. पेटी लाकडाची असली म्हणून निर्धास्त होऊ नये; ओकसारख्या लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटत राहते. लाकडातला क्षार पोलादाचे काय करतो याचे एक प्रसिद्ध उदाहरण ब्राउनिंगच्या बंदुकांचे आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांच्या दस्त्यांसाठी अक्रोडाचे लाकूड मीठ वापरून लवकर सुकवले गेले होते, आणि त्या दस्त्यांनी पुढे नळी व यंत्रणा जिथे लाकडाला टेकते तिथून गंज धरायला सुरुवात केली. जुन्या ब्राउनिंगचा दस्ता काढून आतली बाजू तपासण्याची पद्धत संग्राहकांत आजही आहे.

मग बंदूक ठेवायची कशात? कुलूपबंद पोलादी कपाटात किंवा तिजोरीत, उभी किंवा दांड्यावर, शक्यतो धातूचा कोणताही भाग मऊ वस्तूला न टेकता. टेकवावेच लागले तर बंद छिद्रांचा पॉलिथिलीन फोम वापरावा. संग्रहालयांतही तोच वापरतात, कारण तो पाणी शोषत नाही आणि त्यातून आम्ल सुटत नाही. सिलिकॉन लावलेली विणीव पिशवीही चालते, मात्र ती कोरडी असावी आणि बंदूक त्यात घालण्यापूर्वी बोटांचे ठसे पुसलेले असावेत, कारण घामातले मीठ त्या पिशवीच्या आतही आपले काम करतच असते.

आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर धातू आणि लाकूड दोघांचेही भागते. साठाच्या वर गेली की पोलादाला गंज लवकर धरतो, आणि तिसाच्या खाली गेली की लाकडी दस्ता आकसतो, कधी तडकतो. कपाटात एक साधा आर्द्रतामापक ठेवावा; अंदाजापेक्षा तो बरा. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पाणी धरू शकते, पण भरल्यावर ते काहीच करत नाही, आणि लोक नेमके हेच विसरतात. रंग बदलणारी जात घ्यावी, म्हणजे नारिंगी दाणे हिरवे झाले की ते भरले हे दिसते. मग ते ओव्हनमध्ये ११० ते १२० अंश सेल्सिअसला दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतात. खोक्यात मुळात आलेली जेलची छोटी पुडी मात्र दुकानात असतानाच भरून गेलेली असते. तिच्यावर विसंबू नये.

काही बंदुका गंजरोधक वाफ सोडणाऱ्या कागदात किंवा पिशवीत गुंडाळून येतात. तो कागद खरोखर उपयोगी आहे, पण बंद जागेतच आणि एकदोन वर्षेच; त्यानंतर तो नुसता कागद उरतो.

चौथी पायरी: कोणते खोके ठेवायचे ते ठरवा

आता मूळ प्रश्न. रोजच्या सरावासाठी घेतलेले, लाखांनी बनणारे पॉलिमर पिस्तूल आणि त्याची काळी प्लास्टिकची पेटी, या जोडीला संग्राहकांच्या बाजारात फारशी किंमत नाही, आणि पुढची काही दशके तरी येईलसे मला वाटत नाही. त्या पेटीचा उपयोग विकताना होतो: पेटी, पुस्तिका आणि सगळी मॅगझिने सोबत असली की घेणाऱ्याला मालक नीटनेटका असल्याचा विश्वास वाटतो. तेवढ्यासाठी जागा असेल तर ती ठेवावी, नसेल तर टाकताना मन खाऊ देऊ नये.

उत्पादन बंद झालेली, मर्यादित संख्येत निघालेली, स्मरणार्थ काढलेली किंवा जुन्या नावाजलेल्या कारखान्याची बंदूक असेल तर मात्र खोके कोणत्याही कारणाने टाकू नये. कोल्ट पायथनचे उदाहरण घ्या. १९५५ मध्ये आलेल्या या रिव्हॉल्व्हरची खोकी काळानुसार बदलत गेली. त्यातले लाकडाच्या रेषांसारखी छपाई असलेले पुठ्ठ्याचे खोके संग्राहकांना लांबून ओळखू येते. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या खोक्यांच्या तळाशी अनुक्रमांक पेन्सिलीने हाताने लिहिलेला सापडतो. त्या फिकट पेन्सिलीच्या अंकांमुळे खोके आणि बंदूक कारखान्यातून एकत्र निघाली हे सिद्ध होते, आणि खोक्याची खरी किंमत त्या सिद्धतेची आहे. त्याच काळातले पण दुसऱ्या अनुक्रमांकाचे खोके त्या बंदुकीशेजारी ठेवले तर ते शोभेचे राहते.

छोट्या कागदाचे मोल किती असू शकते, हे स्विस के-३१ रायफलींवरून दिसते. यातल्या अनेक रायफलींचा दस्त्यामागचा धातूचा तुकडा काढला की आत एक चिठ्ठी निघते आणि तिच्यावर ज्या सैनिकाकडे ती रायफल होती त्याचे नाव असते. चिठ्ठी टिकली म्हणून त्या एका रायफलीचा इतिहास टिकला.

लांब बंदुकांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांबाबत मी जरा कठोर आहे. सव्वा-दीड मीटर लांबीचे, आत जवळजवळ रिकामे आणि दमट जागेत वाकणारे असे हे प्रकरण असते. सर्वसाधारण शिकारी रायफल असेल तर लेबल असलेले टोक कापून, सपाट करून, पुस्तिका व पावतीसह मोठ्या पाकिटात ठेवावे आणि बाकीचे टाकावे. संग्राहक याला नाक मुरडतील, आणि दुर्मीळ बंदुकीच्या बाबतीत त्यांचे बरोबरही आहे. पण तशी बंदूक फार थोड्यांकडे असते.

पाचवी पायरी: ठेवायचे ठरवले तर नीट ठेवा

ठेवलेल्या खोक्यातला जुना फोम काढून वेगळ्या पिशवीत ठेवावा. तो मूळचा म्हणून संचाचा भाग आहे, पण विरघळू लागला तर छपाई आणि पुस्तिका दोन्ही खराब करतो. पुस्तिका, लक्ष्याचा कागद (कारखान्यात बंदूक झाडून पाहिल्याचा) आणि वॉरंटी कार्ड आम्लमुक्त कागदात गुंडाळून पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालावे. पीव्हीसीची पाकिटे नकोत. ती जुनी झाली की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. फाटलेल्या कोपऱ्यांना साधी चिकटपट्टी कधीही लावू नये, कारण तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन पुठ्ठ्यात झिरपतो आणि तो डाग मूळ फाटीपेक्षा वाईट दिसतो. पिना आणि गंजलेले क्लिप काढून टाकावेत.

खोके माळ्यावर किंवा तळघरात ठेवू नये. एकीकडे उष्णता, दुसरीकडे ओल, आणि दोन्हीकडे उंदीर. घराच्या राहत्या भागातले, भिंतीपासून थोडे दूर असलेले बंद कपाट सर्वांत चांगले. कसर आणि वाळवी यांना पुठ्ठा आणि गोंद दोन्ही आवडतात, म्हणून वर्षातून एकदा खोकी बाहेर काढून झटकावीत. तिजोरीत मात्र रिकामी खोकी कोंबू नयेत. ती जागा खातात, ओल धरतात, आणि आग लागली तर पोलादाच्या आत ठेवलेले सरपण ठरतात.

खोक्यावर आतून ‘रिकामे’ असे लिहिलेली चिठ्ठी ठेवण्याची पद्धत मला पसंत आहे. घरातल्या दुसऱ्या कोणाला ते अचानक सापडले तर गोंधळ होत नाही. मुले असलेल्या घरात तर हे खोके त्यांच्या नजरेला पडणार नाही अशाच जागी असावे, कारण बंदुकीचे चित्र छापलेले खोके मुलाच्या हातात पडले की तो उरलेले घर धुंडाळायला लागतो.

प्रवास आणि दुरुस्ती

कारखान्याची पेटी प्रवासासाठी पुरेशी असते हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. विमान कंपन्या बंदूक टणक आणि कुलूपबंद पेटीत मागतात. अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेने तर बंदूक विकत घेताना मिळालेली पेटी प्रवासात पुरेशी सुरक्षित नसू शकते, असे स्पष्ट बजावले आहे. घरच्या घरी तपासायचे असेल तर पेटीला सगळी कुलुपे लावावीत आणि झाकणाचा एक कोपरा दोन्ही हातांनी ओढून पाहावा. बोट आत जाईल एवढी फट पडली तर ती पेटी प्रवासाची नव्हे.

दुरुस्तीसाठी बंदूक कारखान्याकडे पाठवताना मूळ खोके, जादा मॅगझिने आणि सुट्या वस्तू घरीच ठेवाव्यात. दुरुस्ती केंद्रांतून बंदुका परत येतात, खोकी मात्र बरेचदा येत नाहीत. माझे एक असेच गेले, आणि विचारल्यावर ‘आम्ही नव्या खोक्यातच पाठवतो’ एवढेच उत्तर मिळाले. साधे, भक्कम आणि बाहेरून काहीही न छापलेले खोके वापरावे, म्हणजे वाटेत कोणाला आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. पाठवण्याचे नियम देशोदेशी वेगळे असतात, ते आधी विचारून घ्यावेत.

जुने खोके विकत घेताना

आपल्या बंदुकीचे खोके हरवले असेल तर बाजारात तसेच दुसरे मिळू शकते, आणि नव्याने छापलेल्या नकलाही मिळतात. नक्कल नक्कल म्हणून घेण्यात काही गैर नाही. पण ‘मूळ खोक्यासह’ म्हणून जास्त पैसे मागितले जात असतील तर अनुक्रमांक जुळतो का, लेबल पुठ्ठ्याइतकेच जुने दिसते का, आणि पेन्सिलीचे अंक मळाच्या खाली आहेत की वर, हे भिंगातून पाहावे. मळावरून लिहिलेला अंक नंतर लिहिलेला असतो. आपण विकणारे असलो तर जुळवलेले खोके जुळवलेले आहे हे सांगूनच विकावे.

टाकायचे ठरले तर

खोके जसेच्या तसे कचऱ्यात ठेवणे म्हणजे या घरात बंदूक आहे, ती कोणती आहे आणि तिचा अनुक्रमांक काय आहे, अशी पाटी दारात लावणे. म्हणून आधी लेबल सोलून किंवा कापून घ्यावे आणि पुस्तिकेच्या पाकिटात ठेवावे. ते नको असेल तर बारीक तुकडे करावेत, नुसते फाडू नये. प्लास्टिकच्या पेटीवरचे लेबल केस वाळवण्याच्या यंत्राने गरम केले की सहज निघते. नंतर पुठ्ठा आतली बाजू बाहेर करून दुमडावा, म्हणजे कारखान्याचे नाव आणि चित्र दिसत नाही, आणि तो इतर पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून द्यावा. प्लास्टिकची पेटी अवजारांसाठी ठेवायची असेल तर तिच्यावर उठावात कोरलेले नाव पॉलिश पेपरने घासून काढावे. आणि टाकण्याआधी, शेवटचे एकदा, घडीत काही किल्ली राहिली आहे का ते बोटाने चाचपून पाहावे.